जालन्याची मोसंबी : निवड, साठवण आणि वापर

आजारी माणसाच्या भेटीला जाताना हाती घ्यावयाचे फळ म्हणून, उपवासाच्या दिवशीचा आधार म्हणून आणि उन्हाळ्यात रसाच्या गाडीवरचा थंडावा म्हणून मोसंबी शहरी घरांत चांगलीच परिचयाची आहे. असे असूनही ती विकत घेताना बहुतेक ग्राहक एकच कसोटी लावतात आणि ती म्हणजे सालीचा रंग. पिवळी मोसंबी पिकलेली आणि हिरवी मोसंबी कच्ची, असा सर्वसाधारण समज आहे. आंब्याच्या किंवा केळ्याच्या बाबतीत ही कसोटी बऱ्याच अंशी उपयोगी पडते. मोसंबीच्या बाबतीत मात्र ती अनेकदा फसवी ठरते आणि या फसगतीची किंमत ग्राहकाबरोबरच बागायतदारालाही मोजावी लागते. मराठवाड्यातील जालना जिल्हा हे मोसंबीचे माहेरघर समजले जाते. तेथील फळाच्या अनुषंगाने मोसंबी कशी निवडावी, कशी ठेवावी आणि कशी वापरावी, याची माहिती येथे दिली आहे.

नाव आणि कूळ

मोसंबी हे नाव आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिक या प्रदेशावरून पडले, असे मानले जाते. इंग्रजी बोलताना आपल्याकडे तिला सर्रास ‘स्वीट लाइम’ म्हटले जाते. त्यामुळे ती लिंबाचीच गोड जात असावी, असा अनेकांचा ग्रह होतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र मोसंबी ही लिंबू नसून गोड संत्र्याच्या, म्हणजे ‘सिट्रस सायनेन्सिस’ या कुळातील आहे. परदेशात ‘ऑरेंज’ म्हणून ज्याचा रस काढला जातो, त्याच फळाची ती सख्खी बहीण होय. साखरलिंबू किंवा मिठा लिंबू हे फळ वेगळे. नागपूरचे सैल सालीचे संत्रेही वेगळे. त्याची गणना मँडरिन गटात होते.

भारतात गोड संत्र्याचे तीन प्रमुख प्रकार बाजारात दिसतात. महाराष्ट्रातील मोसंबी, आंध्र प्रदेश आणि तेलंगणातील सातगुडी आणि पंजाब-राजस्थानकडील माल्टा. खऱ्या मोसंबीची ओळख तिच्या सालीवरच असते. देठाकडून टोकाकडे जाणाऱ्या उभ्या, उथळ रेघा आणि टोकाशी नाण्याच्या ठशासारखे गोल कडे, ही तिची दोन ठळक लक्षणे होत. सातगुडीची साल त्या मानाने गुळगुळीत असते. फळाच्या ढिगातून मोसंबीच घेतली आहे ना, याची खात्री या दोन खुणांवरून करता येते.

जालन्याशी जडलेले नाते

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी त्याचा बहुतांश भाग त्या वेळच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडत असे. दक्षिणेस गोदावरी, मधून वाहणारी दुधना, मध्यम ते भारी काळी जमीन आणि कोरडे हवामान अशी या जिल्ह्याची ठेवण आहे. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण येथील व्यापाराच्या भरभराटीची साक्ष देते. जालना, बदनापूर, अंबड आणि घनसावंगी या तालुक्यांत मोसंबीच्या बागा विशेष आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र बदनापूर येथे आहे. २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले. मराठवाड्याचा केसर आंबा आणि बीडचे सीताफळ यांनाही त्याच वर्षी हा मान लाभला.

येथील बागांत ‘न्यूसेलर’ हा वाण मोठ्या प्रमाणावर आहे. बीजातील विशिष्ट पेशींपासून मातृवृक्षाशी तंतोतंत मिळतीजुळती आणि विषाणुमुक्त रोपे तयार करून हा वाण विकसित झाला. कलम बांधण्यासाठी रंगपूर लिंबू किंवा जंभेरी यांचा खुंट वापरतात. लावणीनंतर चार-पाच वर्षांनी बाग खऱ्या अर्थाने उत्पन्न देऊ लागते आणि नीट जोपासली तर पुढे अनेक वर्षे देत राहते.

मोसंबीचे झाड वर्षातून एकाहून अधिक वेळा फुलू शकते. झाडाला पाण्याचा ताण देऊन नंतर पाणी दिले की बहार धरतो. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा तो आंबे बहार. त्याची फळे पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या सुमारापर्यंत येतात. जून-जुलैत फुलणारा तो मृग बहार. त्याची फळे फेब्रुवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत मिळतात. ग्राहकाने या दोन बहारांची एवढी माहिती ठेवली, तरी रंगाचे कोडे निम्मे सुटते.

रंगाचे कोडे

लिंबूवर्गीय फळाच्या सालीतील हिरवे रंगद्रव्य नाहीसे होण्यासाठी थंड रात्रींची आवश्यकता असते. उष्ण हवेत फळ आतून पूर्ण तयार झाले, तरी साल हिरवीच राहू शकते. आंबे बहाराची फळे ऑगस्ट ते ऑक्टोबर या उबदार, दमट काळात तयार होतात, म्हणून ती बहुधा हिरवी किंवा पोपटी असतात. मृग बहाराची फळे हिवाळा अंगावर घेऊन तयार होतात, म्हणून ती पिवळी दिसतात. अर्थात दसऱ्याच्या सुमारास बाजारात आलेली हिरवी मोसंबी कच्चीच असेल, असे मुळीच नाही. उलट त्या दिवसांत एकसारखी पिवळीधमक मोसंबी दिसली, तर तिचा रंग झाडावर आलेला नसून नंतर आणलेला असण्याची शक्यता अधिक असते.

आणखी एक महत्त्वाची बाब अशी की, मोसंबी तोडल्यानंतर पिकत नाही. आंबा, केळी, चिकू, टोमॅटो ही फळे तोडल्यानंतरही आतून बदलत जातात आणि त्यांच्यातील पिष्टमय पदार्थांचे किंवा आम्लांचे रूपांतर होऊन चव सुधारते. मोसंबीत असा साठाच नसतो. झाडावर असताना जेवढी गोडी भरली, तेवढीच तिची गोडी. कच्ची मोसंबी आढीत घातली किंवा आठवडाभर टोपलीत ठेवली, तर साल पिवळी पडेल. रस मात्र गोड होणार नाही.

इथिलीन वायूच्या साहाय्याने सालीचा हिरवेपणा घालवता येतो. जगभर संत्र्यांच्या व्यापारात ही पद्धत रूढ आहे. आपल्याकडील अन्नसुरक्षा नियमांनुसार फळांसाठी इथिलीन वायू दशलक्ष भागांस १०० भाग या मर्यादेत वापरण्यास परवानगी आहे. कॅल्शियम कार्बाइडच्या वापरास मात्र बंदी आहे. परवानगी असलेल्या पद्धतीने केवळ रंग आणणे आरोग्यास घातक नाही. तथापि त्याने फळाची प्रत वाढत नाही, हे ग्राहकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

निवड कशी करावी

मग मोसंबी पारखावी कशी? पहिली आणि सर्वांत विश्वसनीय कसोटी वजनाची. सारख्या आकाराची दोन फळे दोन हातांत घ्यावीत. जे जड लागेल ते रसाळ समजावे. फार दिवस झाडावर राहिलेल्या किंवा अवाजवी मोठ्या झालेल्या फळांत देठाकडच्या बाजूने रसाच्या पिशव्या कोरड्या आणि कडक होत जातात. असे फळ दिसायला भव्य, पण हाताला हलके लागते. कापल्यावर आत पांढुरका, चोथ्यासारखा गर निघतो.

दुसरी कसोटी सालीच्या पोताची. कच्च्या फळाची साल गर्द हिरवी, जाड आणि खडबडीत असते. फळ तयार होऊ लागले की सालीवरील तेलाचे बारीक ठिपके पसरट होतात, साल ताणली जाते, गुळगुळीत होते आणि तिला किंचित तकाकी येते. गर्द हिरवा रंग पोपटी छटेकडे झुकतो. बोटाने हलके दाबल्यास फळ घट्ट, पण किंचित लवचीक लागावे. दगडासारखे कठीण फळ बहुधा कोवळे असते आणि बोट खोल रुतले तर ते आतून बिघडलेले असते.

तिसरी कसोटी आकाराची. रसासाठी मध्यम आकाराची, १५० ते २०० ग्रॅम वजनाची फळे उत्तम. मोठ्या फळात साल आणि पांढरा मगज यांचाच भरणा अधिक असण्याचा संभव असतो. चांगल्या मोसंबीतून तिच्या वजनाच्या साधारण ४० ते ४५ टक्के रस मिळतो. एक पेला रसासाठी मध्यम आकाराची तीन फळे, असा हिशेब धरण्यास हरकत नाही.

चौथी बाब डागांची. सालीवरचे तपकिरी, गंजासारखे पट्टे पाहून अनेकजण फळ बाजूला सारतात. हे पट्टे बहुधा कोळी या सूक्ष्म किडीने सालीवर खरवडल्यामुळे पडतात. ते वरवरचे असतात आणि आतल्या रसाला बाधा आणत नाहीत. फांदीच्या घर्षणाने पडलेल्या ओरखड्यांचेही तसेच. याउलट टाचणीने टोचल्यासारखे एखादे बारीक छिद्र आणि त्याभोवती मऊ, पाणचट वर्तुळ दिसले, तर ते फळ अवश्य टाळावे. हे रसशोषक पतंगाचे काम असते. हा पतंग रात्री बागेत येऊन फळाला सोंड खुपसतो आणि त्या छिद्रातून बुरशी व जंतू आत शिरतात. आंबे बहाराची फळे तयार होण्याच्या काळातच त्याचा उपद्रव असतो. त्याच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेल या रानवेलींवर वाढतात, म्हणून बागेच्या बांधावरील या वेली काढण्याचा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. संध्याकाळी बागेत धूर करण्याची रीतही त्याचसाठी आहे.

साठवण

मोसंबीची साल जाड असल्याने ती टिकाऊ समजली जाते. ते खरे असले तरी तिला दोन शत्रू आहेत. एक पाण्याची वाफ होणे आणि दुसरा बुरशी.

हवेशीर टोपलीत, उन्हापासून दूर ठेवल्यास मोसंबी साधारण आठवडाभर चांगली राहते. हिवाळ्यात त्याहून काही दिवस अधिक. मराठवाडा-विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात मात्र तीन-चार दिवसांतच साल आक्रसू लागते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत साल सुकत नाही, पण बुरशी लवकर धरते. अधिक दिवस ठेवावयाची असल्यास फ्रिजच्या खालच्या, भाजीच्या कप्प्यात कापडी किंवा छिद्रे असलेल्या पिशवीत ठेवावी. तेथे ती तीन आठवड्यांपर्यंत सहज टिकते. अति थंड कप्प्यात फार दिवस राहिल्यास सालीवर खोलगट, तपकिरी खळगे पडतात. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी साचून देठापाशी कुज सुरू होते, म्हणून पिशवी गाठ मारून ठेवू नये.

आणल्याबरोबर सगळी फळे धुऊन ठेवण्याची सवयही टाळावी. ओलावा राहिला की बुरशीला निमंत्रण मिळते. वापरण्यापूर्वी धुणे उत्तम. धुऊनच ठेवावयाची असल्यास ती कोरड्या फडक्याने पुसून पूर्ण सुकवावीत. फळांवर दिसणारी हिरवी किंवा निळसर भुकटी ही बुरशी असून ती स्पर्शाने आणि हवेने शेजारच्या फळांवर पसरते. असे एक फळ दिसताच ते वेगळे काढावे आणि उरलेली फळे पुसून, तपासून पुन्हा ठेवावीत. बुरशी लागलेला भाग कापून उरलेले फळ रसासाठी वापरू नये, कारण रसाळ फळात बिघाड दिसतो त्याहून खोल गेलेला असू शकतो.

कापलेली मोसंबी झाकून फ्रिजमध्ये ठेवावी आणि त्याच दिवशी संपवावी.

रस : काढला की प्यावा

मोसंबीचा ताजा रस गोड लागतो, पण तोच रस दोन-तीन तास ठेवला की कडू होतो, हा अनुभव अनेक गृहिणींना असेल. रस बिघडला असे समजून तो ओतून दिला जातो. प्रत्यक्षात ही कुजण्याची क्रिया नसते. फळाच्या फोडींमधील पातळ पापुद्र्यांत आणि बियांत एक चवहीन घटक असतो. अखंड फळात तो आंबट रसापासून अलग राहतो. रस काढताना पापुद्रे फुटतात, तो घटक रसात मिसळतो आणि आम्लाच्या सान्निध्यात हळूहळू ‘लिमोनिन’ या कडू द्रव्यात बदलतो. रस तापवल्यास ही क्रिया अधिकच वेगाने होते.

यावरून घरगुती वापरासाठी काही साधे नियम निघतात. रस प्यावयाच्या वेळीच काढावा. फळ आडवे कापून शंकूच्या आकाराच्या यंत्रावर हलक्या हाताने पिळावे. शेवटचा थेंब काढण्यासाठी जोर लावू नये. मिक्सर वापरावयाचा असल्यास साल, पांढरा मगज आणि बिया काढून टाकाव्यात आणि यंत्र क्षणभरच फिरवावे. बी चिरडली की कडवटपणा आलाच. रस लगेच गाळून घ्यावा. डब्यात घालून मुलांना शाळेत किंवा रुग्णाला इस्पितळात न्यावयाचा असल्यास रसाऐवजी अखंड फळ नेणे आणि तेथेच रस काढणे श्रेयस्कर. सकाळी काढलेला रस दुपारी कडू लागला, तर साखर घालून तो कडवटपणा झाकता येतो. तो जात मात्र नाही.

फोडी, साल आणि इतर उपयोग

संत्र्याप्रमाणे मोसंबीची साल हाताने सहज सुटत नाही, म्हणून ती खाण्यापेक्षा पिण्याचेच फळ ठरली आहे. तथापि फोडी काढणे अवघड नाही. फळाची दोन्ही टोके कापून ते पाटावर उभे ठेवावे आणि धारदार सुरीने वरून खाली साल मगजासह तासून काढावी. मग पापुद्र्यांच्या मधून सुरी घालून नितळ फोडी सोडवाव्यात. काळे मीठ, जिरेपूड आणि चिमूटभर मिरपूड भुरभुरून या फोडी उत्तम लागतात. काकडी आणि डाळिंबाच्या दाण्यांबरोबर त्यांची कोशिंबीरही होते. मात्र मोसंबीत आंबटपणा फार कमी असल्याने अशा कोशिंबिरीत थोडे लिंबू पिळावे लागते. फोडी दुधात किंवा दुधाच्या शिकरणात घालू नयेत. आंबटपणा कमी असला तरी दूध फाटू शकते.

सालीचा पिवळा-पोपटी वरचा थर किसून केक, शिरा किंवा सरबत यांना सुगंध आणता येतो. सालीच्या आतील पांढऱ्या भागात पेक्टिन भरपूर असल्याने मार्मलेड घट्ट होण्यास त्याचा उपयोग होतो. उन्हात वाळवलेल्या सालीची पूड उटण्यात मिसळतात. साल वापरावयाची असेल तेव्हा फळ कोमट पाण्यात चोळून धुणे आवश्यक आहे. बागेतील फवारणीचे अंश सालीवर राहू शकतात, तसेच चकाकीसाठी आणि टिकाऊपणासाठी काही फळांना मेणाचा लेप दिलेला असतो.

आरोग्याच्या दृष्टीने

मोसंबीच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ५० मिलिग्रॅम जीवनसत्त्व ‘क’ असते. आंबटपणा कमी असल्याने तोंड आलेल्या किंवा घसा दुखणाऱ्या माणसाला ती लिंबापेक्षा सुसह्य होते. आजारपणात ती देण्याच्या प्रथेमागे हेच कारण असावे. मात्र रस गाळताना चोथा आणि त्यातील तंतुमय भाग निघून जातो आणि तीन फळांची साखर एका पेल्यात येते. म्हणून मधुमेहाच्या रुग्णांनी रसापेक्षा फोडी खाणे बरे. मोसंबीत पोटॅशियम असते. मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पोटॅशियमचे पथ्य सांगितले आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ला घेतल्याशिवाय ती घेऊ नये.

ग्राहकाची पसंती आणि बागायतदाराचे गणित

रस कडू होण्याच्या या गुणधर्माचा मोसंबीच्या अर्थकारणाशी निकटचा संबंध आहे. ब्राझीलमध्ये संत्र्याच्या रसाचा प्रचंड उद्योग उभा राहिला, तो पेरा, व्हॅलेन्सिया यांसारख्या रसासाठी योग्य वाणांवर. मोसंबीचा रस तापवून बाटलीबंद केला की कडू होतो. कडवटपणा काढून टाकण्याचे तंत्र उपलब्ध आहे, पण त्यासाठी भांडवली यंत्रणा लागते. त्यामुळे मोसंबीचा फार मोठा भाग ताज्या फळाच्या रूपातच विकावा लागतो. माल एकदम आला आणि भाव कोसळले, तर कारखान्याकडे वळवण्याची सोय बागायतदाराला सहजी मिळत नाही. दिल्ली, कोलकाता यांसारख्या दूरच्या बाजारांतील मागणीवर त्याचे उत्पन्न अवलंबून राहते.

त्यातच पाण्याचा प्रश्न. आंबे बहाराची फळे संपूर्ण उन्हाळा झाडावर सांभाळावी लागतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. विहिरी आटल्या, अनेकांनी टँकरने पाणी आणून झाडे जगवण्याची धडपड केली आणि तरीही हजारो शेतकऱ्यांच्या बागा वाळल्या. पंधरा-वीस वर्षांच्या बागा तोडून त्यांचे सरपण झाले. हंगामी पीक गेले तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पेरता येते. बाग गेली तर नव्या लावणीपासून पहिल्या उत्पन्नापर्यंत चार-पाच वर्षे जातात. पुढे २०१५-१६ आणि २०१८-१९ मध्येही मराठवाड्याला दुष्काळाने गाठले.

अशा परिस्थितीत शहरातील ग्राहक केवळ रंग पाहून खरेदी करू लागला, की त्याचा परिणाम थेट बागेवर होतो. हिरव्या पण तयार फळाला कमी भाव मिळतो. कोवळे तोडून रंग आणलेले फळ चढ्या भावाने विकले जाते. फळ झाडावर पूर्ण भरेपर्यंत थांबणारा शेतकरी गळ, पतंग आणि पाऊस यांचा धोका पत्करतो. त्याला या धीराचा मोबदला मिळत नाही. सालीवरील निरुपद्रवी डागांमुळे भाव पडतो, म्हणून केवळ चकाकीसाठी अधिक फवारण्या होतात. त्यांचा खर्च शेतकऱ्याच्या माथी आणि अंश ग्राहकाच्या घरी येतो. फळ वजनावर पारखण्याची सवय ग्राहकाला लागली, तर ती दोघांच्याही हिताची ठरेल.

थोडक्यात

- हिरवी मोसंबी कच्चीच असते असे नाही. आंबे बहाराचे तयार फळ बहुधा हिरवे किंवा पोपटी असते.
- आकाराच्या मानाने जड, गुळगुळीत सालीचे, मध्यम फळ निवडावे.
- तपकिरी पट्टे चालतील. छिद्र आणि मऊ डाग चालणार नाहीत.
- घरी ठेवून मोसंबी गोड होत नाही, म्हणून गरजेपुरतीच आणावी.
- न धुता, हवेशीर जागी आठवडाभर. भाजीच्या कप्प्यात तीन आठवडे.
- बिया न चिरडता, हलक्या हाताने रस काढावा आणि लगेच प्यावा.